दुवे साठवणे आणि त्यांना टॅग लावणे : वाचक, अभ्यासक आणि ग्रंथालयांसाठी

एखादा शासन निर्णय, विश्वकोशातील एखादी नोंद किंवा जुन्या मासिकाचा स्कॅन केलेला अंक एकदा सहज सापडतो आणि दुसऱ्यांदा काही केल्या हाती लागत नाही, हा अनुभव आंतरजालावर काम करणाऱ्या बहुतेकांना आहे. इंग्रजी मजकुराच्या बाबतीत शोधयंत्र पुष्कळदा वेळ निभावून नेते. मराठीत तसा भरवसा धरता येत नाही, कारण आपल्याकडच्या अनेक जुन्या पीडीएफ फाइली युनिकोडपूर्व, म्हणजे आजची प्रमाण अक्षर-संकेत पद्धती रूढ होण्याआधीच्या, फॉन्टमध्ये केलेल्या आहेत आणि पुष्कळ पुस्तके व नियतकालिके केवळ पानांच्या छायाचित्रांच्या रूपात ठेवलेली आहेत. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसत असते, पण यंत्राला तेथे एकतर रोमन अक्षरांची अगम्य माळ दिसते किंवा काहीच दिसत नाही. अशा मजकुरावर माणसाने स्वतः लावलेली खूण हाच शोधाचा खरा आधार ठरतो. म्हणून दुवे साठवून त्यांना टॅग, म्हणजे ओळखीचे शब्द, लावण्याची सवय इंग्रजी वाचकापेक्षा मराठी वाचकाला अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत आहे.

दुवा आपल्या ब्राउझरमध्ये न ठेवता एखाद्या सेवेवरील खात्यात ठेवायचा, त्याला आपल्या शब्दांत टॅग लावायचे आणि हवे असल्यास तो इतरांना पाहू द्यायचा, या पद्धतीला सामाजिक बुकमार्किंग म्हणतात. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या डिलिशस या सेवेमुळे ती सर्वदूर पोहोचली. ग्रंथालयांनीही ती लवकर उचलली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००५ मध्ये पेनटॅग्ज ही स्वतःची व्यवस्था उभारली, आणि तीत विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना संकेतस्थळांबरोबर ग्रंथालयाच्या तालिकेतील (कॅटलॉगमधील) नोंदींनाही टॅग लावता येत होते. अनोळखी माणसांनी लावलेले टॅग धुंडाळत नव्या वाचनापर्यंत पोहोचण्याची तेव्हाची मौज आता बरीच ओसरली आहे. आज या पद्धतीतील सामाजिक भाग म्हणजे मुख्यतः ओळखीचा गट होय : ग्रंथालयातील सहकारी, एकाच विषयावर काम करणारे दोन-तीन संशोधक किंवा एखादे वाचन मंडळ. पुढील मार्गदर्शन हेच गट डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

पहिली पायरी : हेतू ठरवणे

खाते उघडण्यापूर्वी हे दुवे पुन्हा कोण शोधणार आहे, हे ठरवावे. केवळ आपणच शोधणार असू, तर टॅगमध्ये आपले खासगी संक्षेप चालतील. सहकारी शोधणार असतील, तर शब्द सर्वांना समजणारे हवेत. ग्रंथालयात येणारा वाचक शोधणार असेल, तर शब्द वाचकाच्या तोंडचे हवेत आणि ग्रंथालयशास्त्राची परिभाषा बाजूला ठेवावी लागेल. तालिकेत ‘लोकसेवा परीक्षा’ असे विषयशीर्षक असले, तरी टेबलापाशी येणारा विद्यार्थी ‘एमपीएससी’ असेच विचारतो, आणि टॅग त्याच्यासाठी लावायचा आहे. ही निवड आधी झाली नाही, तर पुढे शेकडो दुव्यांचे टॅग बदलत बसावे लागते.

दुसरी पायरी : साधन निवडणे

अगदी नवख्या व्यक्तीने फायरफॉक्स ब्राउझरपासून सुरुवात करावी. त्यात बुकमार्क साठवताना टॅग लिहिण्याची सोय आहे. क्रोममध्ये दुवे फोल्डरमध्येच ठेवावे लागतात. फोल्डर आणि टॅग यांतील फरक ग्रंथालयातील माणसाला लगेच पटतो : पुस्तक एकाच कपाटात बसते, पण तालिकेत त्याची लेखकाची, शीर्षकाची आणि विषयाची कार्डे वेगवेगळ्या ठिकाणी असतात. दुवा एकच असला, तरी टॅगमुळे तो अनेक वाटांनी सापडतो.

दुवे इतरांना दाखवायचे असतील, तर रेनड्रॉप ही सेवा सोपी आहे. तिच्या मोफत खात्यातही भरपूर दुवे ठेवता येतात, त्यांचे विषयवार संग्रह करता येतात आणि एखादा संग्रह सार्वजनिक करून त्याचे स्वतंत्र पान वाचकांना देता येते. पिनबोर्ड ही २००९ पासून चालणारी सशुल्क सेवा दिसायला साधी आहे, पण टॅगवर भर देऊन काम करणाऱ्यांना ती मानवते. लेख, प्रबंध आणि पुस्तके हे मुख्य काम असेल, तर मात्र मी झोटेरोची शिफारस करेन. जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेले हे मुक्त सॉफ्टवेअर मूलतः संदर्भसूचीसाठी आहे, परंतु त्यात साधे संकेतस्थळही साठवता येते, टॅग लावता येतात आणि गट करून एकच संग्रह अनेकांना हाताळता येतो. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील प्रबंधांचा मागोवा घेणाऱ्या विद्यार्थ्याला हे एकच साधन पुरे पडते.

झोटेरो वापरताना एक गोष्ट सुरुवातीलाच करावी. हे सॉफ्टवेअर काही संकेतस्थळांवरून नोंद उचलताना तेथील विषयशीर्षके आणि संज्ञा आपोआप टॅग म्हणून आणते. सोय म्हणून ती चांगली वाटते, पण थोड्याच दिवसांत आपल्या मोजक्या मराठी टॅगांभोवती परक्या इंग्रजी टॅगांचे रान माजते. सेटिंगमध्ये जाऊन स्वयंचलित टॅग बंद करता येतात आणि ते बंदच ठेवलेले बरे.

साधन कोणतेही निवडा, साठवलेले सर्व काही एका फाइलमध्ये बाहेर काढता येते की नाही, हे आधी तपासा. या क्षेत्राचा इतिहास सेवा बंद पडण्याचाच आहे. मॅग्नोलिया या सेवेतील वापरकर्त्यांचे दुवे जानेवारी २००९ मध्ये नष्ट झाले. संशोधकांसाठी असलेली कनोटिया २०१३ मध्ये बंद झाली. डिलिशस अनेक मालकांच्या हातून फिरत २०१७ मध्ये पिनबोर्डने विकत घेतली आणि तीत नवे दुवे भरणे थांबले. साइटयूलाइक २०१९ मध्ये गेली आणि मोझिलाने पॉकेट ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे सेवेच्या नावावर फार विसंबू नये. आपली मेहनत टॅगमध्ये आणि टिपांमध्ये असते आणि ती आपल्याबरोबर नेता आली पाहिजे.

तिसरी पायरी : एक दुवा नीट साठवणे

घाईने शंभर दुवे गोळा करण्यापेक्षा एक दुवा पूर्ण साठवून पाहावा. उदाहरणासाठी कुलाबा जिल्ह्याचे ब्रिटिशकालीन गॅझेटिअर घेऊ. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा हा अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला असून त्यात कुलाबा आणि जंजिरा यांचे वर्णन आहे.

प्रथम पत्ता पाहावा. समाजमाध्यमातून किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेल्या दुव्याच्या शेपटाला प्रश्नचिन्हानंतर माग काढणारी लांबलचक अक्षरे चिकटलेली असतात. ती काढून टाकावीत आणि उरलेला पत्ता उघडतो याची खात्री करून घ्यावी. प्रश्नचिन्हानंतरचा सगळाच भाग निरर्थक असतो असे नाही. अनेक सरकारी संकेतस्थळांवर कागदाचा क्रमांक तेथेच असतो, म्हणून काढल्यावर तपासणे आवश्यक आहे. शोध लावल्यावर दिसणाऱ्या निकालाच्या पानाचा पत्ता साठवू नये, प्रत्यक्ष नोंदीचा साठवावा. संशोधन लेखाला डीओआय, म्हणजे कायमस्वरूपी ओळखक्रमांक, असेल, तर तोच घ्यावा, कारण प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तरी डीओआय सहसा योग्य जागी नेतो.

नंतर शीर्षक पाहावे. साधन आपोआप जे शीर्षक उचलते ते बऱ्याचदा निरुपयोगी असते. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयाची पीडीएफ साठवली, तर शीर्षकाच्या जागी नुसता आकड्यांचा लांब संकेतांक येतो. तो टिपेत जपून ठेवावा, कारण शासनाच्या संकेतस्थळावर कागद पुन्हा शोधताना त्याचा उपयोग होतो, पण शीर्षकात मात्र विभाग, विषय आणि दिनांक मराठीत लिहावा. आपल्या गॅझेटिअरचे शीर्षक ‘कुलाबा व जंजिरा गॅझेटिअर, मुंबई इलाखा, खंड ११, १८८३’ असे करता येईल.

त्यानंतर टीप लिहावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि माझ्या मते टॅगइतकेच महत्त्व तिला आहे. दोन वाक्ये पुरतात : यात काय आहे आणि मला ते कशासाठी हवे होते. ‘व्यापारावरील आणि जमीन महसुलावरील स्वतंत्र प्रकरणे आहेत, शेवटी गावांची वर्णानुक्रमे माहिती आहे, रेवदंड्यासाठी पाहिले’ अशी टीप असली, तर दोन वर्षांनी पुन्हा सगळा खंड चाळावा लागत नाही. छायाचित्ररूप फाइलच्या बाबतीत टिपेत लिहिलेले हे शब्दच शोधात सापडणारे एकमेव शब्द असतात, म्हणून त्यात व्यक्तींची आणि गावांची नावे जरूर यावीत.

शेवटी टॅग.

चौथी पायरी : टॅगची यादी बांधणे

टॅगला कोणताही नियम नसतो, मनात येईल तो शब्द लिहावा, असे सांगितले जाते. एकट्याच्या कामाला पहिले काही महिने ते चालते. पुढे ‘ग्रंथालय’, ‘ग्रंथालये’, ‘वाचनालय’ आणि ‘लायब्ररी’ असे चार टॅग एकाच गोष्टीसाठी तयार होतात आणि कोणताही एक उघडला तरी पाऊण संग्रह नजरेआड राहतो. उलट, काटेकोर वर्गीकरणाचा आग्रह धरला, तर टॅग लावणेच कंटाळवाणे होते. मधला मार्ग म्हणजे टॅगचे मोजके पैलू ठरवून घेणे.

पैलूंची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती विषयाचे पैलू वेगळे काढण्यावरच उभी आहे, आणि तीत पुढे स्थिर झालेल्या पाच मूलभूत पैलूंपैकी स्थल आणि काल हे दोन तर जसेच्या तसे उचलावेत असे आहेत. टॅगसाठी मी पुढील पाच प्रश्न सुचवेन : विषय कोणता, स्थळ कोणते, काळ कोणता, कागदाचा प्रकार कोणता आणि त्याचे मला काय करायचे आहे. प्रत्येक दुव्याला पाचही उत्तरे असतीलच असे नाही. तीन ते सहा टॅगांत काम भागते. वरच्या गॅझेटिअरला ‘व्यापार’, ‘रायगड-जिल्हा’, ‘१९वे-शतक’ आणि ‘गॅझेटिअर’ असे टॅग लागतील, आणि त्यातून टिपणे काढायची राहिली असतील तर ‘वाचायचे’ हा पाचवा.

येथे स्थळनामांचा प्रश्न येतो. कुलाबा जिल्ह्याचे नाव पुढे रायगड झाले. औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर आहे, उस्मानाबाद धाराशिव आहे आणि अहमदनगर अहिल्यानगर आहे. जुन्या कागदांत जुनी नावे राहणारच. अशा वेळी टॅग नेहमी आजच्या अधिकृत नावाचा लावावा आणि जुने नाव शीर्षकात किंवा टिपेत येऊ द्यावे, म्हणजे कोणत्याही नावाने शोधले तरी दुवा सापडतो. दोन्ही नावांचे टॅग लावण्याचा मोह आवरावा, कारण काही दुव्यांना दोन आणि काहींना एकच टॅग लागला, की पुन्हा तीच गल्लत सुरू होते.

ठरलेले टॅग एका तक्त्यात लिहून ठेवावेत. पहिल्या रकान्यात टॅग, दुसऱ्यात तो केव्हा लावायचा याचे एक वाक्य आणि तिसऱ्यात कोणते शब्द टाळून हा वापरायचा ते. एका शब्दावरून वाचकाला दुसऱ्या, ठरलेल्या शब्दाकडे पाठवणाऱ्या तालिकेतील ‘पाहा’ नोंदीचे काम हा तिसरा रकाना करतो. सुरुवातीला तीसेक टॅग पुरेसे आहेत. नवा टॅग हवासा वाटला तर जरूर घ्यावा, पण काही महिने उलटूनही तो एकाच दुव्याला चिकटून राहिला असेल, तर काढून टाकावा.

देवनागरी टॅग लिहिताना

मराठी टॅगच्या काही अडचणी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत, म्हणून त्या जरा सविस्तर पाहू.

टॅग नेहमी नामाच्या मूळ रूपात लिहावा. ‘पाण्याचा’, ‘पाण्यासाठी’, ‘पाण्याचे-प्रश्न’ असे लिहिले, तर ‘पाणी’ या शोधात त्यांपैकी काहीच येणार नाही, कारण सामान्यरूपात शब्दाचे शेवटचे अक्षरच बदलते. एकवचन घ्यायचे की अनेकवचन, तेही एकदाच ठरवावे. मी एकवचन सुचवेन. मराठीत अनेकवचनाची रूपे इतकी निरनिराळी आहेत, की ‘नद्या’, ‘किल्ले’ आणि ‘धरणे’ यांतले नेमके काय लिहिले होते ते आठवत बसावे लागते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात एकसंधही लिहिता येते आणि ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे आहेत आणि म्हणून ‘ॲप’ या एकाच शब्दाचे दोन टॅग तयार होतात. ‘दऱ्या’, ‘शेतकऱ्यांचे’ यांसारख्या शब्दांतील अर्धा ‘र’ही असाच दोन प्रकारे टंकता येतो. एक कर्मचारी मोबाइलवर आणि दुसरा संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर लिहीत असेल, तर हा घोळ हमखास होतो. उपाय सोपा आहे : टॅग नव्याने टंकू नये, पहिली दोन अक्षरे लिहिल्यावर साधन जी यादी पुढे करते तीतून निवडावा. अपेक्षित टॅग यादीत दिसला नाही, तर तो नाहीच असे समजण्यापूर्वी तक्त्यात पाहावे.

अंक देवनागरी वापरायचे की इंग्रजी, हेही ठरवून घ्यावे. ‘१८५७’ आणि इंग्रजी आकड्यांतील तेच वर्ष हे बहुतेक सेवांच्या दृष्टीने भिन्न टॅग आहेत. दोन शब्दांचा टॅग जोडरेघेने लिहावा. पिनबोर्डवर मोकळी जागा सोडली की पुढचा शब्द नवा टॅग होतो. रेनड्रॉपवर जागा चालते, पण उद्या दुवे दुसरीकडे न्यायचे झाले तर जोडरेघच सुरक्षित असते.

पाचवी पायरी : काय उघडे ठेवायचे

नवी सेवा घेतल्यावर दुवा मुळातच सार्वजनिक होतो की खासगी, हे सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. वैयक्तिक संग्रहात आजारपण, न्यायालयीन काम, नोकरीचा शोध अशा विषयांचे दुवे नकळत जमतात आणि ते एकत्र पाहणाऱ्याला माणसाविषयी पुष्कळ काही कळते. ग्रंथालयाची जबाबदारी याहून मोठी आहे. वाचकाने विचारलेल्या प्रश्नावरून दुवा साठवला असेल, तर टॅगमध्ये किंवा टिपेत त्या वाचकाचे नाव, गाव किंवा सभासद क्रमांक कधीही येऊ नये. काम लक्षात ठेवायचेच असेल, तर ‘संदर्भसेवा’ हा टॅग आणि महिना पुरतो. दुवा देणे आणि प्रत ठेवणे यांतही फरक आहे. पुस्तकावर स्वामित्वहक्क असेल, तर त्याची पीडीएफ आपल्या सार्वजनिक संग्रहात चढवू नये, ते जेथे अधिकृतपणे उपलब्ध आहे त्या पानाचा दुवा द्यावा.

ग्रंथालयाच्या कामात

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळालेली आपली ग्रंथालये ‘अ’ पासून ‘ड’ वर्गापर्यंत आहेत, आणि खालच्या वर्गातील ग्रंथालयात पुष्कळदा एकच व्यक्ती सर्व कामे करते. तेथे मोठी योजना आखू नये. वाचक वारंवार विचारतात असे दोन विषय निवडावेत, प्रत्येकाचा पंधरा-वीस दुव्यांचा सार्वजनिक संग्रह करावा आणि त्या पानाचा क्यूआर कोड छापून देवघेवीच्या टेबलावर चिकटवावा. स्पर्धा परीक्षेच्या संग्रहात आयोगाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम व जुन्या प्रश्नपत्रिका, मराठी विश्वकोशातील नोंदी आणि जिल्हा गॅझेटिअर एवढे आले, तरी विद्यार्थ्यांचा बराच वेळ वाचतो. खासगी शिकवण्यांच्या जाहिराती त्यात शिरू देऊ नयेत.

संदर्भ विभागात दोन-तीन कर्मचारी असतील, तर झोटेरोतील गट किंवा रेनड्रॉपमधील सामायिक संग्रह वापरून कामाची विभागणी करता येते. दुवा कोणीही टाकावा आणि त्याला ‘तपासायचे’ असा टॅग लावावा. दुसऱ्याने तो उघडून पत्ता, शीर्षक आणि टॅग पाहावेत आणि मगच तो टॅग काढावा. यामुळे टॅगच्या तक्त्यावर आपोआप चर्चा होते. ‘दलित-साहित्य’ आणि ‘आंबेडकरी-साहित्य’ हे दोन टॅग ठेवायचे की एक, असा प्रश्न टेबलावर येतो आणि त्याचे उत्तर देताना ग्रंथपालाला आपल्या वाचकांची ओळख कामी येते.

वाचकांनी दिलेले टॅग स्वीकारावेत का, याविषयी ग्रंथालय क्षेत्रात दोन मते आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपली काही जुनी छायाचित्रे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवून लोकांना टॅग आणि टिपा जोडण्याचे आवाहन केले, तेव्हा अनेक छायाचित्रांतील माणसांची व स्थळांची ओळख लोकांनी पटवून दिली. स्थानिक इतिहासाच्या संग्रहात हा मार्ग आपल्याकडेही फार उपयोगी आहे. गावातील जुन्या मिरवणुकीच्या छायाचित्रातील वाडा कोणाचा, हे तालिकाकार सांगू शकत नाही, पण ज्येष्ठ सभासद सांगू शकतो. मात्र त्याने दिलेली माहिती आधी टिपेत घ्यावी आणि पडताळल्यानंतरच टॅगमध्ये.

सहावी पायरी : देखभाल

दुवे तुटतात, आणि सरकारी संकेतस्थळाची नवी रचना झाली की एकदमच तुटतात. म्हणून महत्त्वाचा दुवा साठवतानाच संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानाची प्रत करून घ्यावी आणि तिचा पत्ता टिपेत लिहून ठेवावा. या सोयीला पैसे पडत नाहीत आणि खातेही लागत नाही. सार्वजनिक संग्रहातील सर्व दुवे दर तीन महिन्यांनी एकदा उघडून पाहावेत. तुटलेल्या दुव्याला ‘तुटलेला’ हा टॅग लावून तो तात्पुरता खासगी करावा आणि नवा पत्ता सापडल्यावर परत आणावा.

दर महिन्याला संपूर्ण संग्रह एचटीएमएल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये काढून घ्यावा. फाइल उतरवली एवढ्यावर समाधान मानू नये. ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडावी, आपला एखादा देवनागरी टॅग तीत शोधावा आणि तो वाचता येतो का ते पाहावे. टॅगऐवजी प्रश्नचिन्हे दिसली, तर फाइल युटीएफ-८ या अक्षर-संकेत पद्धतीने पुन्हा उघडून पाहावी. टिपाही त्या फाइलमध्ये आल्या आहेत का, तेही तपासावे, कारण काही साधने पत्ता आणि शीर्षक देतात पण टीप गाळतात.

ग्रंथालयाचे खाते कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर कधीही उघडू नये. ते ग्रंथालयाच्या ईमेलवर असावे, त्याचा पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहांकडे असावा आणि कर्मचारी बदलताना दाखल नोंदवहीबरोबर टॅगचा तक्ता व शेवटची उतरवलेली फाइल यांचाही ताबा लेखी दिला-घेतला जावा.